दूध आटलं, पण कशानं? साडेतीन महिन्यांच्या मुलीचे वजन अडकल्याचे प्रकरण

हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेले आहे. ते कोणा एका घरातले नाही, पण यातली वजने, घटनांचा क्रम आणि गफलती बाह्यरुग्ण विभागात नेहमी दिसणाऱ्याच आहेत.

मुलगी १६ आठवड्यांची. आई २४ वर्षांची, उंची १५२ सेंटीमीटर, वजन ४८ किलो. पहिला मुलगा सव्वादोन वर्षांचा. बाळंतपण माहेरी, गडहिंग्लजला. पूर्ण दिवसांचे, नैसर्गिक. दहाव्या आठवड्यात आई सासरी आली. सासर कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीजवळ. नवरा फाउंड्रीत पाळीने कामाला, घरी तीन म्हशी. तक्रार आईची नव्हती, आशाताईंची होती. १४व्या आठवड्याच्या लसीला बाळाचे वजन अपेक्षेपेक्षा कमी भरले, म्हणून त्यांनी दोन आठवड्यांनी पुन्हा काट्यावर ठेवले आणि पाठवून दिले.

घरच्यांना काळजी अशी नव्हती. सासूबाईंचे म्हणणे, "लई गुणाची पोर हाय, रात्रीची उठतबी न्हाई." दूध कमी झालंय हे मात्र त्यांना पटलेले होते. तेराव्या आठवड्यात सुनेला पाळी आली होती आणि "पाळी आली की दूध आटतंय" हा त्यांचा अनुभवाचा हिशेब होता. उपायही तयार होता: गोठ्यात म्हशी आहेत, वाटीभर दूध पाणी घालून पाजायचे. आईचा तर्क वेगळा. तिने मोबाईलवर वाचले होते की आईच्या दुधात लेप्टिन नावाचे संप्रेरक असते, त्याने बाळाची भूक मरते. आपल्या दुधात तेच जास्त झाले असेल, तर दूध तपासून मिळेल का, असे ती विचारत होती.

आधी वजने

जन्म: २.९० किलो
५वा दिवस: २.७२
१४वा दिवस: २.९८
६ आठवडे: ४.०२
१० आठवडे: ४.७२
१४ आठवडे: ५.००
१६ आठवडे: ५.०९

पाचव्या दिवशीची घट सहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नेहमीची. चौदाव्या दिवसाच्या आत जन्मवजन भरून निघाले. तिथून दहाव्या आठवड्यापर्यंत मुलगी जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या तक्त्यातल्या उणे १ रेषेवरून (मधल्या रेषेच्या एक पायरी खालची) जवळपास बोट ठेवल्यासारखी चालली आहे. लहान चणीची, पण नीट वाढणारी. पुढच्या २८ दिवसांत मात्र फक्त २८० ग्रॅम, रोजचे १० ग्रॅम. त्यापुढच्या १४ दिवसांत ९० ग्रॅम, म्हणजे रोजचे साडेसहासुद्धा नाहीत. या वयाच्या मुलीने दिवसाला २० ग्रॅमच्या आसपास वाढायला हवे.

माता-बाल संरक्षण कार्डावर हा बिंदू अजूनही हिरव्या पट्ट्यातच पडतो. पट्टा बदलतो तो उणे २ च्या खाली गेल्यावर, आणि ही मुलगी तिथे पोचायला अजून काही आठवडे लागले असते. कार्डावरचा रंग पाहून "नॉर्मल" लिहिण्याची सवय इथे अंगलट येते. पाहायची ती रेषेची दिशा. आशाताईंनी ती पाहिली.

दहाव्या आठवड्यापर्यंतची वजने गडहिंग्लजच्या काट्यावरची, नंतरची इकडच्या. काटा बदलला की शे-दीडशे ग्रॅमची तफावत सहज पडते, त्यामुळे "वजन अडकले" हा नुसता काट्याचा खेळ असू शकतो. किराणा दुकानातले ५ किलोचे प्रमाणित वजन आणून काट्यावर ठेवले, बरोबर ५.००० दाखवले. शिवाय शेवटची दोन वजने एकाच काट्यावरची, उघड्या अंगाने घेतलेली. शंका मिटली.

लांबी ५९.५ सेंटीमीटर, डोक्याचा घेर ३९.२. दोन्ही आपापल्या जुन्या रेषेवर. लांबी आणि डोके वाढतेय, वजन तेवढे मागे पडतेय, याचा सरळ अर्थ पोटात कमी जातेय. थायरॉईड किंवा जन्मजात वाढीच्या विकारात आधी लांबी रखडते. टाळू सपाट, हृदयात जादा आवाज नाही, जीभ मोकळी, बाळ नजर मिळवून हसणारे. लघवीची साधी तपासणी केली, कारण या वयात लघवीचा जंतुसंसर्ग तापाशिवाय नुसते वजन अडकवून बसू शकतो. ती स्वच्छ निघाली.

"गुणाचं बाळ"

लघवी किती वेळा, असे विचारले तर "होतीय की बरी" हेच उत्तर मिळते. म्हणून एक दिवस लंगोट मोजायला सांगितले. २४ तासांत ५, पिवळसर. माहेरी असताना आठ-नऊ होत. शी तीन-चार दिवसांनी, पण मऊ. सहा आठवड्यांनंतर अंगावर पिणाऱ्या बाळात हे चालते, त्यावरून काही ठरत नाही.

रात्री बाळ साडेदहा ते साडेचार सलग झोपत होते. कमी मिळणारे बाळ सुरुवातीला रडते, नंतर शक्ती राखायला शांत होते, आणि घरादाराला ते शहाणे वाटू लागते. चौथ्या महिन्यात सहा तास झोपणारी धडधाकट बाळेही असतात, त्यामुळे नुसती झोप हे लक्षण नव्हे. झोप वाढली आणि त्याच काळात लंगोट घटले, हे मात्र लक्षण आहे.

पाजताना पाहिले. पकड चांगली होती. पहिली दोन मिनिटे गिळल्याचा आवाज, मग नुसते चोखणे, आठव्या मिनिटाला डोळे मिटलेले. दूध मोजायचे तर पाजण्याआधी आणि नंतर, त्याच कपड्यांत, मध्ये लंगोट न बदलता वजन करायचे. काटा १० ग्रॅमपर्यंत अचूक हवा, ५ असल्यास उत्तम. एका वेळच्या आकड्यावर जाऊ नये, सकाळी आणि संध्याकाळी दुप्पट फरक असू शकतो. पूर्ण २४ तास मोजले तेव्हा ७ वेळा पाजणे झाले होते: दिवसा पाच वेळा ७० ग्रॅमच्या आसपास, रात्री व पहाटे दोनदा ८५. एकूण ५२० ग्रॅम. या वयाचे अंगावरचे बाळ साधारण ७५० ते ८०० मिलिलिटर पिते. १०० मिलिलिटर दुधात ६७ कॅलरी धरल्या तर या मुलीला किलोमागे ६८ कॅलरी मिळत होत्या; हव्यात नव्वदच्या आसपास. रोजचे सहा ग्रॅम कुठून येतात, याचा हिशेब जुळला.

लेप्टिनचा प्रश्न

आईचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. आईच्या दुधात लेप्टिन, अॅडिपोनेक्टिन, घ्रेलिन, इन्सुलिन, कॉर्टिसॉल, इन्सुलिनसारखा वाढ घटक हे सगळे खरोखरच असते. मेलाटोनिन रात्रीच्या दुधात भरपूर आणि दिवसाच्या दुधात जवळजवळ नसते, तर कॉर्टिसॉल सकाळच्या दुधात चढे असते. लेप्टिन चरबीच्या पेशींतून रक्तात येते, तिथून दुधात उतरते, थोडे स्तनातही बनते. आई जितकी स्थूल तितके दुधातले लेप्टिन जास्त, हे अनेक अभ्यासांत दिसले. स्पेनमधल्या मिनोर्का बेटावर स्थूल नसलेल्या २८ मातांचा एक छोटा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या महिन्याच्या दुधात लेप्टिन जास्त असलेल्या मातांची मुले दोन वर्षांची होताना किंचित सडपातळ निघाली. मेक्सिको आणि अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या मातांमध्ये अॅडिपोनेक्टिनचे तसेच दिसले: दुधात ते जास्त, तर पहिल्या सहा महिन्यांत बाळाचे वजन किंचित कमी. पुढे दुसऱ्या वर्षात कल उलटाही दिसला.

हे सगळे गटांच्या सरासरीचे फरक आहेत. मुले थोडी सडपातळ की थोडी गुटगुटीत, इतपत त्यांची मजल. दहा आठवडे एका रेषेवर चाललेल्या बाळाची वाढ महिन्याभरात एक तृतीयांशावर येणे हे त्यांच्या आवाक्यातले काम नाही. या आईचे गणित तर उलटेच पडते. वजन-उंचीचा निर्देशांक २०.८, म्हणजे बारीक बाई. हिच्या दुधात लेप्टिन कमीच असणार.

दूध तपासायला पाठवूही नये. पाजण्याच्या सुरुवातीचे दूध पातळ, शेवटचे स्निग्ध. लेप्टिनचा काही भाग स्निग्धांशाला चिकटून असतो, त्यामुळे नमुना कधी काढला यावर आकडा बदलतो. प्रयोगशाळेतले संच बहुतेक रक्तासाठी बनवलेले असतात. दुधासाठी सर्वमान्य "नॉर्मल" पट्टाच नाही. आणि आकडा काहीही आला तरी उपचार बदलत नाही, मग पैसे कशाला घालवायचे? तपासायची ती आईच्या रक्तातली संप्रेरके, जी दुधाचे प्रमाण ठरवतात. थायरॉईड मंदावले तर दूध कमी होते, आणि बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत ते बिघडण्याचे प्रमाण जास्त असते. थायरॉईडची चाचणी, टीएसएच, २.६ आली, हिमोग्लोबिन १०.४, लघवीवरची गर्भचाचणी नकारार्थी. म्हणजे दूध आटवणारे इथेही काही सापडले नाही.

गोळी

"काही औषध चालू आहे का?" या प्रश्नाला आईने दोनदा "नाही" म्हटले होते. खोटे बोलत नव्हती. पाळणा लांबवायची गोळी हे औषध आहे असे कोणी धरतच नाही. प्रश्न नाव घेऊन विचारावा लागतो: पाळीसाठी, पाळणा लांबवण्यासाठी, सर्दीसाठी, झोपेसाठी, वजनासाठी, मेडिकलमधून, वैद्याकडून, शेजारणीकडून, काहीही? आणि सासूबाईंना बाहेर बसवून. तसे विचारल्यावर पर्समधून पाकीट निघाले. २१ पांढऱ्या, ७ तपकिरी. मागे बारीक अक्षरात: इथिनिल इस्ट्राडिओल ३० मायक्रोग्रॅम, लेव्होनॉर्जेस्ट्रेल १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे संप्रेरक) एकत्र. पहिला मुलगा अजून लहान, तिसरे नको, म्हणून नवव्या आठवड्याच्या आत मेडिकलमधून आणून सुरू केलेली. अंगावर पाजतेय का, हे तिथे कोणी विचारले नव्हते. दुसऱ्या पाकिटातल्या पांढऱ्या संपून तपकिरी तीन झाल्या होत्या.

गरोदरपणात दूध बनवणारे संप्रेरक, प्रोलॅक्टिन, भरपूर असूनही दूध वाहत नाही, कारण वारेतून येणारे प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन त्याला अडवून धरतात. वार पडली, अडसर निघाला, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरते. मग प्रोलॅक्टिन बाळाच्या ओढण्यावर चालते, रात्री जास्त. पान्हा ऑक्सिटोसिनने फुटतो. आणि स्तनात दूध साचून राहिले तर तिथलेच रसायन उत्पादन कमी करते. बाहेरून इस्ट्रोजेन दिले तर जुना अडसर थोडा परत येतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८०च्या दशकात हंगेरी आणि थायलंडमध्ये केलेल्या चाचणीत दोन्ही संप्रेरकांची एकत्रित गोळी घेणाऱ्या मातांचे दूध १८ आठवड्यांत सुमारे ४२ टक्क्यांनी घटले, फक्त प्रोजेस्टिनची गोळी घेणाऱ्यांचे सुमारे १२ टक्क्यांनी. त्या बाळांची वाढ मात्र फारशी मागे पडली नव्हती, आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत दोन गोळ्यांत फरकच आढळला नाही. म्हणजे प्रत्येकीचे दूध आटते असे नाही. ज्यांचे दूध जेमतेम पुरते आणि ज्यांचे पाजणे त्याच वेळी कमी होते, त्यांना फटका बसतो. अंगावर पाजणाऱ्या बाईने एकत्रित गोळी पहिले ६ आठवडे अजिबात घेऊ नये आणि ६ महिन्यांपर्यंत शक्यतो टाळावी, हा संघटनेचा निकष आजही तसाच आहे.

तेराव्या आठवड्यातली "पाळी"ही इथेच उलगडते. तपकिरी गोळ्यांत फक्त लोह असते, संप्रेरक नसते. त्या आठवड्यात रक्तस्राव होतो तो पाकिटाच्या रचनेने. सासूबाईंना दिसलेला क्रम बरोबर होता, पाळी आणि दूध आटणे एकाच वेळी आले. पण दोन्ही गोष्टी एकाच गोळीच्या होत्या.

दोष सगळा गोळीवरही टाकता येत नाही. सासरी आल्यावर दिवस पहाटेच्या धारांनी सुरू होतो, वैरण, शेण, दोन वेळचा स्वयंपाक. माहेरी दहा-अकरा वेळा होणारे पाजणे सातवर आले होते, रात्रीचे एक सुटले होते. उपचारात दोन्ही एकदम बदलले, त्यामुळे कोणाचा वाटा किती हे या प्रकरणातून सांगता येणार नाही.

केले काय

तिसरे पाकीट सुरू करायचे नाही. त्याच दिवशी तांबी बसवली, कारण दुसऱ्या पाकिटाच्या पांढऱ्या गोळ्या न चुकता झाल्या होत्या आणि गर्भ नसल्याची खात्री होती. आठवड्याच्या हिशेबाने घ्यायची "छाया" गोळी आणि तीन महिन्यांचे "अंतरा" इंजेक्शन हेही पर्याय सांगितले होते. दोन्हींत इस्ट्रोजेन नाही, दोन्ही सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. खरे तर नवव्या आठवड्यात तिला गोळीची गरजच नव्हती: बाळ सहा महिन्यांच्या आतले, पाळी सुरू नाही आणि रात्रंदिवस फक्त अंगावर पाजणे, या तिन्ही अटी पाळल्या तर गर्भ राहण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी.

पाजणे २४ तासांत किमान १० वेळा, त्यातले एक रात्री दोनच्या सुमारास, बाळाला उठवून. चोखणे मंदावले की स्तन मुठीत हलके दाबायचा, गिळणे पुन्हा सुरू होते. थांबले की दुसरी बाजू. पाजून झाल्यावर दिवसातून ५ वेळा दहा-दहा मिनिटे हाताने दूध काढायचे आणि ते बोंडल्याने पाजायचे. बाटली नाही. बोंडले दर वेळी घासून, उकळून घ्यायचे. त्याच्या तोटीत साय अडकते आणि तिथेच जंतू वाढतात. पहाटेच्या धारा सहा आठवडे दीराने काढायच्या, हे सासूबाईंच्या समोर ठरवले. कागदावरचा सल्ला या एका वाक्याशिवाय घरी टिकत नाही.

दूध वाढवायला वापरतात ते डोम्पेरिडोन दिले नाही. कारण सापडले आहे आणि ते काढता येते, अशा वेळी हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकणारे औषध घालण्यात अर्थ नाही. शतावरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू यांना नाही म्हटले नाही. आईच्या पोटात चार घास जास्त जातात, हा फायदा खराच. म्हशीच्या दुधाला मात्र स्पष्ट नकार. त्यात प्रथिने आईच्या दुधाच्या तिप्पट-चौपट, क्षार जास्त, लोह नगण्य. पाणी घातले तर कॅलरी जातात आणि प्रथिनांचे ओझे तरी पुरते उतरत नाही. आपल्या जिल्ह्यात म्हशीच्या दुधाचा अभिमान असणे साहजिक आहे, पण ते रेडकाच्या मापाचे असते.

चार दिवसांनी वजन ५.१३. अपेक्षा किमान ६० ग्रॅमची होती, मिळाले ४०. इथे थांबून बघत बसणे बरोबर नव्हते. काढलेले दूध दिवसाला जेमतेम ४० मिलिलिटर निघत होते, म्हणून दिवसातून तीनदा ५० मिलिलिटर पावडरचे दूध जोडले, तेही आधी दोन्ही बाजू पाजून मग. उकळून थोडे निवलेले पाणी आधी मोजायचे, मग डब्यावर लिहिल्याप्रमाणे सपाट माप. पहिल्याच दिवशी घरात चूक झाली: डबा महाग म्हणून दोन मापांऐवजी एकाच मापात ५० मिलिलिटर पाणी. प्रमाण डब्यावरच मार्करने लिहून दिले: पाणी ६०, माप २, पाजायचे ५०, उरलेले टाकायचे.

१८व्या आठवड्याला ५.३९. लंगोट ८. पुन्हा २४ तास मोजले तेव्हा अंगावरचे दूध ६९० ग्रॅम भरले. पावडर आधी तीनवरून दोन वेळा, पाच दिवसांनी एक, आणि २०व्या आठवड्याच्या चार दिवस आधी बंद. २० आठवड्यांना ५.७८, २४ आठवड्यांना ६.३६, म्हणजे पुन्हा उणे १ रेषेवर. रात्री आता ती दोनदा उठते. सासूबाईंची तक्रार तेवढीच उरली आहे.

गोळीतले संप्रेरक दुधातून मुलीच्या अंगात जाऊन पुढे काही होईल का, हे आईने शेवटी विचारले. दुधात उतरणारा अंश फार थोडा असतो आणि त्याने बाळाला अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही. जन्मल्यावर पहिल्या आठवड्यात हिच्या छातीला गाठीसारखी सूज होती, तीही गोळीची नव्हे, पोटात असताना मिळालेल्या आईच्या संप्रेरकांची. ती आपोआप ओसरते, पिळायची नसते.

तांबीचा दोरा ती बसवल्यानंतर सहाव्या आठवड्याला तपासला, जागेवर आहे. सहा महिने पूर्ण होताच मऊ वरणभात आणि नाचणीची पेज, वर चमचाभर तूप, आणि लोहाचे थेंब. वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर. सलग दोन महिने ३०० ग्रॅमपेक्षा कमी भरले तर तारखेची वाट न पाहता परत यायचे.